पेशी मेल्या, पुढे काय?

फोंडा, चवथीनंतरचा रविवार

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र गणपतीवरची माटोळी उतरवायच्या गडबडीत हाती आलं. मँगनीज क्लोराइड घातल्यावर न्यूरोब्लास्टोमाच्या, म्हणजे अपरिपक्व चेतापेशींच्या कर्कातल्या, ८० टक्के पेशी मेल्या, जिवंत पेशी मोजणाऱ्या एमटीटी चाचणीचा आलेखही सुरेख उतरला, आता पेपर लिहायला घेऊ का, असं विचारतेस. एवढ्यात नको.

विषय निवडलास तो बाकी मला आवडला. सांगे-केप्याकडच्या खाणींतून लोखंडाबरोबर मँगनीजही निघायचं, ते काळं खनिज तुझ्या आजोबांच्या पिढीने पाहिलेलं आहे. १८३७ साली कूपर नावाच्या डॉक्टराने ग्लासगोजवळ हेच खनिज दळणाऱ्या कामगारांच्या पायांतली शक्ती गेल्याची नोंद केली. पुढे कळलं की हा आजार दिसायला पार्किन्सनसारखा, पण मार मुख्यतः मेंदूतल्या ग्लोबस पॅलिडस या भागावर बसतो आणि पार्किन्सनवरच्या लेव्होडोपा या औषधाचा फारसा उपयोग होत नाही. गंमत म्हणजे मायटोकाँड्रियातलं, म्हणजे पेशीच्या ऊर्जाघरातलं, सुपरऑक्साइड डिस्म्युटेज हे विकर मँगनीजशिवाय चालत नाही. थोडं हवंच, जास्त झालं की घात.

म्हणून आधी तुझा डोस बघू. तू ५०० मायक्रोमोलर घातलंस, म्हणजे लिटरमागे साधारण २७ मिलीग्रॅम. निरोगी माणसाच्या रक्तात लिटरमागे ४ ते १५ मायक्रोग्रॅम असतं. कागद घे आणि किती पट होतं ते स्वतः काढ. मेंदूत ते रक्तापेक्षा जास्त साठतं हे मान्य, तरी एवढ्या माऱ्याने पेशी मेल्या यात नवल कसलं? मीठ भरपूर घातलंस तरी मरतील.

मग पेशी कोणती? तुझी एसएच-एसवाय५वाय ही १९७० साली चार वर्षांच्या एका मुलीच्या अस्थिमज्जेतून घेतलेल्या कर्कपेशींची वंशज. ती फ्लास्कमध्ये वाढतच राहते, खरा न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी, विभागत नाही. त्यात तू मीडिया (पेशींचं पोषणद्रव) वापरतेस हाय-ग्लुकोज, डेसिलिटरला ४५० मिलीग्रॅम साखरेचा. एवढ्या साखरेवर पेशी ग्लायकोलिसिसनेच, म्हणजे मायटोकाँड्रियाशिवाय साखर फोडूनच, भागवते, मायटोकाँड्रिया अधू झाला तरी तिला पत्ता लागत नाही. ग्लुकोजऐवजी गॅलक्टोज ही साखर देऊन बघ, मग तिला मायटोकाँड्रियाच वापरावा लागेल; डोस उतरव आणि मरणाच्या आधी काय बिघडतं ते शोध.

एमपीटीपी या रसायनाची गोष्ट तुला ठाऊक असेलच. १९८२ साली कॅलिफोर्नियात भेसळीचं ड्रग टोचून घेतलेली तरुण माणसं पार्किन्सनच्या म्हाताऱ्यांसारखी ताठ झाली. त्यातला एमपीटीपी स्वतः विशेष विषारी नव्हता. त्याचं विष शेजारच्या ॲस्ट्रोसाइट या आधारपेशीमध्ये तयार होतं, तिथल्या एमएओ-बी विकरामुळे. मग डोपामिन हा संदेशवाहक बनवणारा न्यूरॉन ते आपल्याच दारातून, डोपामिन ट्रान्सपोर्टरमधून, आत घेतो आणि ते मायटोकाँड्रियातल्या ऊर्जेच्या साखळीचा पहिला कॉम्प्लेक्स बंद पाडतं. उंदीर यात सापडतो, घूस-उंदरासारखा थोरला रॅट मात्र बराचसा निभावून जातो. आता सांग, एकट्या न्यूरॉनच्या प्लेटवर हे कुणाला दिसलं असतं? शेजारीण कोण, हा प्रश्न तुझ्या प्रयोगात अजून आलेलाच नाही.

माझंही एक ऐक. उमेदीच्या काळात आठ महिन्यांचं काम मी मायकोप्लाझ्मा या जंतूपायी टाकून दिलं. मीडिया स्वच्छ, पेशी धडधाकट, पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन नियमाने घातलेलं. पण पेनिसिलिन जिच्यावर घाव घालतं ती पेशीभित्तिकाच मायकोप्लाझ्माला नाही, पेनिसिलिन त्याचं काय करणार! एमटीटीचे आकडे मात्र तो हवे तसे फिरवतो. डीएनए रंगवल्यावर केंद्रकाबाहेर ठिपके दिसले तेव्हा मी खुर्चीतच बसून राहिलो. तू दर महिन्याला तपास. आपल्याकडच्या पावसाळ्यात तर इनक्युबेटरच्या ट्रेतलं पाणीही बुरशी धरतं.

परदेशाचं विचारलंस. जायचं तर जा, पण गाईडची कीर्ती बघण्याआधी त्याच्या जुन्या विद्यार्थ्यांना फोन कर. दोन फोनांत सगळं कळतं. आणि घरच्यांना आत्ताच सांगून ठेव की पेशींना चवथीची सुट्टी नसते, मीडिया बदलायला आरती टाकून जावं लागतं. माझ्या आईने ते शेवटपर्यंत मनावर घेतलं नाही.

पुढच्या रविवारी दुपारी ये. लॅबची वही आण, आलेख नकोत. मँगनीज न घातलेल्या कंट्रोलच्या पेशी किती मेल्या होत्या, ते तू पत्रात लिहिलंच नाहीस.

तुझे,
सर