रियाजाच्या शेवटी ‘तिरकिट’ का बिघडतो?

प्रश्न : तबला शिकतो आहे. नवीन ‘तिरकिट’ तासभर सलग घोटला की शेवटी बोटं अडखळतात. दुसऱ्या दिवशी मात्र तोच बोल पहिल्या झटक्यात स्वच्छ निघतो. मधल्या वेळात मेंदू काय करतो? – एक वाचक, सांगली

उत्तर : हातांची हालचाल सांभाळणाऱ्या मेंदूच्या भागात ‘बीटा’ नावाची विद्युत लहरींची लय असते, सेकंदाला साधारण १३ ते ३० आवर्तनांची. हात हलण्याच्या किंचित आधी ती उतरते आणि हात थांबल्यावर सेकंदभरात मूळ पातळीच्याही वर उसळते. सराव लांबतो तसा हा चढउतार वाढत जातो. त्याला शिकल्याचं माप समजू नका. दुसऱ्या दिवशी चढउतार बराचसा पूर्ववत होतो, कौशल्य मात्र टिकतं. सरावाचा भार त्या भागावर साठतो आणि झोपेत उतरतो, हा त्याचा अर्थ आम्हाला पटतो.

छोट्या थांब्यांचंही महत्त्व आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या २०१९च्या प्रयोगात लोकांनी डाव्या हाताने ४-१-३-२-४ हा क्रम १० सेकंद टाइप केला, मग १० सेकंद थांबले. अशा ३६ फेऱ्या. सुरुवातीच्या फेऱ्यांत वेग वाढला तो टाइप करताना नव्हे, थांबून पुन्हा सुरू करताना. थांब्यात बीटा जितकी उतरलेली, तितकी ही वाढ जास्त. त्याच गटाला २०२१मध्ये दिसलं की थांब्यात मेंदू त्या क्रमाची सुमारे २० पट वेगाने उजळणी करतो. काही संशोधक म्हणतात, यात बोटांचा थकवा जाण्याचाही वाटा आहे. तसं असलं तरी थांबणं फायद्याचंच.

हे आकडे कळफलकावरचे आहेत, तरी रियाजाला सुरुवात म्हणून चालतील. ठाय (संथ, मूळ) लयीत बोल १०-१५ सेकंद वाजवा, तेवढाच वेळ हात मांडीवर सैल सोडा. मोबाइल बघू नका. अशा १०-१२ फेऱ्या पुरेत, कारण हा फायदा बोल नवा असतानाच मिळतो. ‘ट’ दबायला लागला की दुगुन (दुप्पट लय) सोडून ठायीत या, तरीही दबला तर उठा. नाहीतर दबलेला ‘ट’च हातात बसतो.

लगेच ‘धिरधिर’सारखा दुसरा नवा बोल घेऊ नका, ताजं शिकलेलं त्याने पुसट होतं, चार-सहा तास जाऊ द्या. रात्री पूर्ण झोप घ्या. बोटांच्या क्रमावरच्या २००२च्या प्रयोगात एका रात्रीनंतर वेग सुमारे २० टक्के वाढला होता. दिवसभर जागं राहून तेवढी वाढ झाली नाही. सकाळी आधी कालच्याच लयीत वाजवून बघा, मगच मेट्रोनोमचा (ठेका मोजणाऱ्या यंत्राचा) वेग वाढवा.