पिवळी गोळी आणि परतणारा ताप

प्रश्न : दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशाच्या आघाडीवर दोस्तांच्या सैनिकांना रोज एक पिवळी गोळी सक्तीने गिळावी लागे, असे वाचनात आले. ही गोळी कोणती होती? आणि ती नेमाने घेणाऱ्यांनाही मायदेशी परतल्यावर हिवताप कसा येत असे?

उत्तर : ती गोळी मेपाक्रिनची. अमेरिकी सैन्यात तिला अ‍ॅटाब्रिन म्हणत. हे औषध जर्मन रसायनशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकाच्या आरंभी तयार केले होते. ते रंगद्रव्यांच्या कुळातले असल्यामुळे काही आठवडे सलग घेतले की सैनिकाची कातडीही पिवळी दिसू लागे. हिवतापावरचे जुने, खात्रीचे औषध म्हणजे क्विनाइन. ते सिंकोना या झाडाच्या सालीपासून काढत. परंतु जगाला लागणारी ही बहुतेक साल जावा बेटावरून येत असे आणि मार्च १९४२ मध्ये जावा जपानच्या ताब्यात गेल्यावर दोस्त राष्ट्रांना मेपाक्रिनवाचून गत्यंतर उरले नाही.

गरज किती निकडीची होती, हे ब्रह्मदेशात लढणाऱ्या ब्रिटिश फौजेचे सेनापती जनरल विल्यम स्लिम यांनी नोंदवलेल्या आकड्यांवरून कळते. ब्रह्मदेशाच्या आघाडीवर १९४३ मध्ये एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते. त्यांत आमांशाचे आणि इतर तापांचे रुग्णही होते. पण एकट्या हिवतापाचे वार्षिक प्रमाण एकूण सैन्यबळाच्या ८४ टक्के होते आणि आघाडीवरच्या तुकड्यांत त्याहूनही अधिक.

गोळी होती, पण ती किती घ्यावी याबद्दल एकवाक्यता नव्हती. हा प्रश्न ऑस्ट्रेलियाचे लष्करी वैद्य नील हॅमिल्टन फेअरली यांनी १९४३ पासून केर्न्स येथे केलेल्या प्रयोगांनी सोडवला. स्वेच्छेने पुढे आलेल्या सैनिकांना हिवतापाचे परजीवी असलेले डास मुद्दाम चावू दिले जात. मग त्यांना उन्हातान्हात दमवले जाई, थंडगार खोलीत बसवले जाई आणि एवढे करूनही ताप उसळतो का, हे पाहिले जाई. रोज १०० मिलिग्रॅमची एक गोळी घेणारे तापापासून दूर राहिले. माणसांवर मुद्दाम रोग सोडण्याचे हे प्रयोग आज वाचतानाही अस्वस्थ करतात, मात्र त्यांचा निष्कर्ष निःसंदिग्ध होता.

खरी अडचण त्यानंतरची होती. गोळी कडू होती, पोटाला सोसत नसे आणि तिच्यामुळे पुरुषत्व जाते, अशी अफवा बराकीबराकींतून पसरली होती. खिशात ठेवतो असे सांगून ती झुडपात भिरकावणारेही होते. म्हणून सैनिकांना रांगेत उभे करून, अधिकाऱ्यासमोर गोळी तोंडात टाकून ती गिळल्याची खात्री पटवावी लागे. स्लिम यांनी तर सबंध पलटणीची अचानक तपासणी सुरू केली. ९५ टक्क्यांहून कमी सैनिकांत औषधाचा अंश आढळला, तर त्या पलटणीच्या प्रमुखाचे पद जाई. तिघांना घरी बसवल्यावर बाकीच्यांना योग्य तो बोध झाला, असे त्यांनी लिहिले आहे. माझ्या मते औषधाच्या शोधाइतकेच श्रेय या कवायतीला द्यायला हवे; कारण सूर्यास्तापूर्वी बाह्या खाली करणे आणि मच्छरदाणीत झोपणे हे नियम पूर्वीही कागदावर होतेच.

आता परतणाऱ्या तापाविषयी. हिवतापाच्या परजीवींपैकी व्हायवॅक्स या जातीचे काही जीव यकृतात निद्रिस्त अवस्थेत दडून बसतात. मेपाक्रिन रक्तातल्या परजीवींना मारत असे, पण यकृतातल्या या जिवांपर्यंत तिचा प्रभाव पोहोचत नसे. त्यामुळे सैनिक घरी गेला, गोळी बंद झाली, की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हे जीव जागे होऊन रक्तात उतरत आणि पुन्हा थंडी वाजून ताप भरे. म्हणजे गोळी फसवी नव्हती. तिने ताप आघाडीवर येऊ दिला नव्हता, एवढेच.

हा अनुभव नवा नव्हता. इंग्रजांनी १८०९ मध्ये नेदरलँड्सच्या वाल्खरेन बेटावर सुमारे ४०,००० सैनिक उतरवले. त्यांतले लढाईत मेले अवघे १०६, आणि तापाने सुमारे ४,०००. तो ताप निव्वळ हिवताप नसावा, त्यात विषमज्वर वगैरेंचीही सरमिसळ असावी, असे आज मानले जाते. डासांचा संबंध तेव्हा कोणाच्या ध्यानीमनीही नव्हता; रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात परजीवी दिसला तो १८९७ मध्ये. पण तिथून परतलेले शिपाई पुनःपुन्हा आजारी पडतात, हे इतके उघड होते की इंग्रज सेनापती वेलिंग्टन यांनी स्पेनमधील आपल्या फौजेत वाल्खरेनहून आलेल्या पलटणी पाठवू नयेत, अशी मागणी केली होती.

यकृतातल्या परजीवींवरचे औषध, प्रायमाक्विन, कोरियाच्या युद्धात वापरात आले. अमेरिकेला परतणाऱ्या सैनिकांना ते जहाजावरच, रोज १५ मिलिग्रॅम याप्रमाणे १४ दिवस दिले जाई. मात्र काही जणांच्या तांबड्या पेशी या औषधाने फुटत. त्याचे कारण, म्हणजे जी६पीडी या विकराची (एन्झाइमची) जन्मजात कमतरता, १९५६ मध्ये उलगडले. म्हणूनच प्रायमाक्विन सुरू करण्यापूर्वी आजही या विकराची रक्ततपासणी करून घेण्याचा सल्ला दिला जातो.