इंग्लंडमध्ये खिशात चाकू किंवा पेपर स्प्रे ठेवता येतो का? पोलिस रस्त्यात झडती घेऊ शकतात का?

मास्टर्ससाठी इंग्लंडला जाताना बॅगेत घडीचा चाकू आणि सोबतीला पेपर स्प्रे ठेवावा का, आणि पोलिसांनी अडवलंच तर काय करायचं, असा तुमचा प्रश्न आहे. खाली लिहिलेलं इंग्लंड आणि वेल्सपुरतं आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचे कायदे वेगळे आहेत.

पेपर स्प्रे नेऊ नका. भारतात तो उघड विकला जातो, त्यामुळे कित्येक आईवडील काळजीपोटी मुलीच्या पर्समध्ये घालून देतात. तिथे मात्र १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टच्या कलम ५ खाली तो मनाई असलेल्या शस्त्रांत मोडतो, म्हणजे पिस्तुलाच्याच कायद्यात. घरात कपाटात पडून असला तरी गुन्हा, आणि कमाल शिक्षा १० वर्षं. स्टन गनचंही तेच. ‘मला माहीत नव्हतं’ या उत्तराने सुटका होत नाही. कर्कश आवाज करणारा वैयक्तिक अलार्म मात्र बिनधास्त ठेवा, तो कायदेशीर आहे. रंग उडवणारे स्प्रे तिकडे विकत मिळतात, पण हल्लेखोराच्या डोळ्यांत मारायचा इरादा ठेवून बाळगला तर तोही हत्यार ठरू शकतो. का, ते पुढे येईलच.

आता चाकू. इथे दोन कायदे शेजारी शेजारी चालतात आणि बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो.

पहिला १९५३ चा प्रिव्हेन्शन ऑफ क्राइम ॲक्ट. सार्वजनिक ठिकाणी वाजवी कारणाशिवाय हत्यार जवळ असणं हा त्यातला गुन्हा. या कायद्याला तीन प्रकारच्या वस्तू हत्यार वाटतात: इजा करण्यासाठीच बनवलेली (लोखंडी पंजा, कट्यार), इजेसाठी मुद्दाम बदललेली (फोडलेली बाटली, टोक घासून काढलेला स्क्रूड्रायव्हर), आणि साधीच वस्तू, पण बाळगणाऱ्याच्या मनात तिने इजा करण्याचा हेतू असलेली. या तिसऱ्या प्रकारात काहीही येऊ शकतं: क्रिकेटची बॅट, हातोडी, किल्ल्यांचा जुडगा, तो रंगाचा स्प्रेसुद्धा. हेतू सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारी पक्षाची असते, पण ‘कोणी अंगावर आला तर हाणायला ठेवलीय’ असं तुम्हीच पोलिसाला सांगून टाकलंत, की त्याचं काम झालं.

दुसरा १९८८ च्या क्रिमिनल जस्टिस ॲक्टचं कलम १३९. यात हेतूचा प्रश्नच येत नाही. पातं असलेली किंवा अणकुचीदार वस्तू सार्वजनिक ठिकाणी तुमच्याजवळ आहे, एवढंच पुरे. सूट फक्त एका वस्तूला: घडी घालता येणारा खिशातला चाकू, ज्याची धार ३ इंचांपेक्षा (७.६२ सेंमी) जास्त नाही. इथे लोक अडकतात ते लांबीवर नाही, लॉकवर. उघडल्यावर पातं खटकन अडकून बसतं आणि बटण किंवा पट्टी दाबल्याशिवाय मिटत नाही, असा चाकू न्यायालयांच्या दृष्टीने घडीचा नाहीच. १९९३ च्या हॅरिस खटल्यापासून हे ठरलेलं आहे. त्यामुळे २ इंचांचं लॉकवालं पातं, किंवा ट्रेकिंगवाल्यांच्या आवडीच्या मल्टिटूलमधलं लॉक होणारं पातं, यांना ही सूट नाही. घेण्याआधी एकदा उघडून बघा: नुसत्या बोटाच्या दाबाने मिटला तर ठीक, काही सरकवावं लागलं तर घरी ठेवा. पात्याला धार असायलाच हवी असंही नाही. लोणी लावायची बोथट सुरीदेखील ‘पातं असलेली वस्तू’ आहे, असा निकाल २००५ मध्ये लागला. उलट साधा स्क्रूड्रायव्हर या कलमात बसत नाही. तो हत्यार ठरवायचा तर १९५३ च्या कायद्याने हेतू दाखवावा लागतो.

दोन्ही कायद्यांत कमाल शिक्षा ४ वर्षं. अठरा वर्षांवरच्या माणसाला असाच गुन्हा दुसऱ्यांदा सिद्ध झाला तर, अपवादात्मक परिस्थिती नसेल तर, किमान ६ महिने तुरुंगवास.

‘सार्वजनिक ठिकाण’ म्हणजे फक्त रस्ता नव्हे. पैसे देऊन का होईना, जिथे लोक जाऊ शकतात ते सगळं त्यात आलं: पब, ट्रेन, दुकानाचं पार्किंग, स्टेडियम, कोणालाही येता-जाता येणारा इमारतीचा जिना. रस्त्यावर उभ्या असलेल्या तुमच्या गाडीचा ग्लोव्ह बॉक्ससुद्धा.

मग स्वयंपाकाची सुरी दुकानातून घरी आणायची कशी? कारण दाखवून. कलम १३९ मध्ये सबळ कारण हा बचाव आहे. कामासाठी लागणं, धार्मिक कारण आणि राष्ट्रीय पोशाखाचा भाग ही तीन कारणं तर कायद्यात नावानिशी लिहिलेली आहेत. शीख माणसाची किरपाण दुसऱ्यात बसते, स्कॉटिश पोशाखातला पायमोज्यात खोचलेला चाकू तिसऱ्यात. नुकतीच विकत घेतलेली सुरी बंद पॅकिंगमध्ये, पावतीसह, थेट घरी नेणं हेही सबळ कारणच. पण ते पटवून देण्याचा भार तुमच्यावर असतो. निःसंशय सिद्ध करावं लागत नाही, ‘असं असण्याची शक्यता जास्त’ इतपत न्यायालयाला वाटलं पाहिजे.

आणि कारण त्या घडीचं लागतं, गेल्या आठवड्याचं चालत नाही. रेस्टॉरंटमध्ये पार्टटाइम काम करणाऱ्या विद्यार्थ्यांनी हे नीट समजून घ्यावं. शेफच्या सुऱ्यांचा गुंडाळा घेऊन कामावरून थेट घरी येताय, तर प्रश्न नाही. तोच गुंडाळा पाठीवर टाकून रात्री क्लबात गेलात, तर कारण पातळ होत जातं. कामावरचा चाकू खिशात तसाच राहिला आणि सहा दिवसांनी सापडला, अशा एका खटल्यात ‘विसरलो’ हे सबळ कारण मानलं गेलं नाही. दुसऱ्या एखाद्या कारणाला विसरण्याची जोड मिळाली तर कधी उपयोग होतो, एकट्या विसरण्याचा नाही. म्हणून सुऱ्या कापडात गुंडाळून बॅगेच्या तळाशी ठेवा, शिफ्टचा मेसेज फोनमध्ये राहू द्या आणि वाटेत रेंगाळू नका.

‘स्वसंरक्षणासाठी ठेवला’ हे सगळ्यांत वाईट उत्तर. भाग खराब आहे, मागच्या महिन्यात कोणाला तरी लुटलं, अशा सर्वसाधारण भीतीला न्यायालयं जुमानत नाहीत. अगदी समोर उभ्या ठाकलेल्या, ठरावीक धोक्यात हा बचाव क्वचित टिकतो. वर हेच वाक्य साध्या वस्तूला हत्यार बनवतं, हे आपण पाहिलंच.

काही वस्तू मात्र घरातही चालत नाहीत. बटरफ्लाय चाकू, लोखंडी पंजा, फेकायची चांदणी, गुप्ती अशांची यादी १९८८ पासून आहे, आणि बटणाने उघडणारा चाकू १९५९ च्या वेगळ्या कायद्यात येतो. आधी त्या विकण्यावर आणि आयात करण्यावर बंदी होती, १४ जुलै २०२१ पासून खासगी जागेत बाळगणंही गुन्हा झालं. २४ सप्टेंबर २०२४ पासून ‘झॉम्बी’ पद्धतीचे चाकू आणि मॅशेटी (कोयत्यासारखे लांब सुरे) यादीत आल्या: टोकदार, ८ इंचांपेक्षा लांब पातं आणि त्यावर करवतीसारखे दात, काटे, एकाहून जास्त भोकं यांपैकी काही असलेल्या. १ ऑगस्ट २०२५ पासून निंजा तलवारीही. साध्या स्वयंपाकाच्या सुऱ्या, विळी, अडकित्ता यांपैकी काहीच यादीत नाही. विळी नेणारच असाल तर चेक-इन बॅगेत, पात्याला जाड पुठ्ठा बांधून, आणि विमानतळावरून थेट खोलीवर. गंमत म्हणून मागवलेला शोभेचा चाकू मात्र पार्सल फोडण्याआधीच महागात पडू शकतो.

आता झडती. पोलिसाने अडवल्यावर पहिली गोष्ट कळली पाहिजे ती ही, की तो कोणत्या अधिकाराखाली झडती घेतोय.

नेहमीचा अधिकार १९८४ च्या ‘पेस’ (पोलिस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्ट) कायद्याच्या कलम १ चा. त्याला वाजवी संशय लागतो, आणि तो वस्तुस्थितीवर उभा असावा लागतो: कोणीतरी दिलेलं वर्णन, खिशाचा फुगवटा, पोलिस दिसताच काहीतरी लपवणं. तुमचा वर्ण, वय, कपडे किंवा जुना गुन्हा एवढ्यावर संशय चालत नाही. वर्ण जमेस धरायचा तर पोलिसांना नेमक्या संशयिताचं तसं वर्णन मिळालेलं हवं. नुसत्या ‘इथे काय करताय’ या प्रश्नाला उत्तर देण्याची सक्ती नाही. मात्र साधं उत्तर दिलं की बऱ्याचदा प्रकरण तिथेच संपतं.

झडतीआधी अधिकाऱ्याने काही गोष्टी सांगायच्याच असतात: संशयाचं कारण, काय शोधतोय, कोणत्या कायद्याखाली, स्वतःचं नाव आणि ठाणं, तुम्हाला थांबवून ठेवलंय हे, आणि नोंदीची प्रत मिळण्याचा तुमचा हक्क. साध्या वेशात असेल तर ओळखपत्रही दाखवायला हवं. यातलं काही सुटलं तर शांतपणे विचारा. रस्त्यात लोकांसमोर फक्त वरचा कोट, जॅकेट आणि हातमोजे काढायला लावता येतात. टी-शर्ट, बूट, पगडी किंवा हिजाब काढायचा तर लोकांच्या नजरेआड, उदाहरणार्थ व्हॅनमध्ये, आणि तुमच्याच लिंगाच्या अधिकाऱ्याने. संपूर्ण विवस्त्र झडती व्हॅनमध्ये घेता येत नाही. झडतीसाठी नाव-पत्ता देण्याची सक्ती नाही, आणि दिला नाही म्हणून नोंदीची प्रत नाकारता येत नाही. ती ३ महिन्यांच्या आत मागता येते.

दुसरा अधिकार १९९४ च्या क्रिमिनल जस्टिस अँड पब्लिक ऑर्डर ॲक्टच्या कलम ६० चा, आणि यात संशय लागतच नाही. हिंसाचार होईल किंवा हत्यारं घेऊन लोक फिरत आहेत असं वाजवीपणे वाटलं, तर इन्स्पेक्टर किंवा वरचा अधिकारी ठरावीक भाग २४ तासांसाठी या कलमाखाली आणू शकतो. वरिष्ठाने वाढवलं तर ४८ तास. तेवढ्या वेळात त्या भागात गणवेशातला पोलिस कोणालाही, कोणतीही गाडी थांबवून हत्यारं शोधू शकतो. मोठ्या मिरवणुका, सामने, चाकूहल्ल्यानंतरचे एकदोन दिवस ही याची नेहमीची वेळ. ‘माझ्यावर संशय काय’ असा वाद इथे निरर्थक आहे. आदेश कोणत्या भागासाठी आणि कधीपर्यंत, एवढं विचारा.

झडती चुकीची वाटली तरी अंगाने विरोध करू नका. थांबण्यास नकार किंवा पोलिसाच्या कामात अडथळा हे स्वतंत्र गुन्हे आहेत, दोन्हींना एक महिन्यापर्यंत कैद. पोलिसाला गरजेपुरतं बळ वापरता येतं, ते वेगळंच. आक्षेप तोंडी नोंदवा, नोंदीची प्रत घ्या, तक्रार नंतर त्या पोलिस दलाकडे करा.

अटक झालीच तर ठाण्यात वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. तो आल्याशिवाय जबाब देऊ नका. विशेषतः ‘कॉशन घ्या आणि घरी जा’ असं सांगितलं तर सही करण्याआधी थांबा. कॉशन म्हणजे गुन्ह्याची कबुली असते आणि ती पोलिसांच्या नोंदीत राहते. व्हिसाच्या अर्जात विचारलं की सांगावीही लागते. १२ महिने किंवा जास्त शिक्षा झाली तर परदेशी नागरिकाच्या हकालपट्टीची कारवाई २००७ च्या यूके बॉर्डर्स ॲक्टप्रमाणे आपोआप सुरू होते. म्हणून वकिलाला पहिल्याच वाक्यात सांगा, की मी स्टुडंट व्हिसावर आहे.