‘प्रोफेशनल’ सिम्युलेटर घेतला की पायलट होणं सोपं जातं का?

सप्रेम नमस्कार,

मुलगा अकरावी सायन्सला आहे, अभ्यास आटोपला की रोज रात्री कॉम्प्युटरवर फ्लाइट सिम्युलेटरमध्ये (विमान उडवण्याची नक्कल करणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) विमान उडवत बसतो. आता त्याने हट्ट धरलाय की घरगुती आवृत्ती पुरे झाली, ‘प्रोफेशनल’ घेऊन द्या, म्हणजे ते तास पायलटच्या लायसन्ससाठी धरले जातील. पैसे घालावेत का, आणि हा नुसता नाद आहे की यात पुढे काही आहे, असं तुम्ही विचारलंय.

पैसे घालू नका. ते तास धरले जाणार नाहीत. मात्र नुसतं ‘नाही’ म्हणून विषय संपवू नका, का नाही तेही त्याला सांगा. त्याने निवडलेल्या क्षेत्राची ती पहिली खरी ओळख ठरेल.

एक्स-प्लेन या सिम्युलेटरचंच उदाहरण बघा. त्याची घरगुती आणि व्यावसायिक आवृत्ती मुळात एकच सॉफ्टवेअर आहे. पंखाचे बारीक भाग पाडून प्रत्येक भागावर हवेचं किती बल येतं ते सतत मोजत राहायचं, हे गणित दोन्हीकडे सारखंच. जादा पैसे जातात ते व्यावसायिक वापराच्या परवान्याचे आणि प्रशिक्षणाच्या उपकरणांना लागणाऱ्या सोयींचे. ‘प्रीपेअर्ड’ (Prepar3D) हे दुसरं सॉफ्टवेअर तर मायक्रोसॉफ्टच्या फ्लाइट सिम्युलेटरच्याच कुळातलं. लॉकहीड मार्टिन या विमान बनवणाऱ्या कंपनीने ते तंत्रज्ञान घेऊन प्रशिक्षणासाठी वाढवलं आणि घरगुती करमणुकीसाठी ते वापरायचं नाही, असं परवान्यातच घातलं. म्हणजे तुमच्या मुलाला पडद्यावर जे दिसतं, त्यात फार मोठा फरक पडणार नाही.

तास धरले जायला लागणारी सरकारी मान्यता नुसत्या सॉफ्टवेअरला मिळतच नाही. ती मिळते योक (विमानाचं स्टिअरिंग), पेडल, पॅनेल, कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअर मिळून तयार झालेल्या उपकरणाला. नियम देशागणिक बदलतात, पण अमेरिकेच्या एफएए या विमानवाहतूक नियामक संस्थेचं उदाहरण बोलकं आहे. इन्स्ट्रुमेंट रेटिंगसाठी (बाहेरचं न दिसता नुसत्या यंत्रांवर विमान उडवण्याच्या परवानगीसाठी) लागणाऱ्या ४० तासांपैकी बेसिक दर्जाच्या मान्यताप्राप्त उपकरणावरचे जास्तीत जास्त १० आणि अ‍ॅडव्हान्स्डवरचे २० तास धरतात, तेही अधिकृत प्रशिक्षकाकडून शिकलेले. एअरलाइनचे पायलट ज्यावर शिकतात ते हलणारं, ‘लेव्हल डी’ या सर्वोच्च दर्जाचं फुल फ्लाइट सिम्युलेटर ही तर वेगळीच दुनिया आहे.

माझ्या मते खरा फरक प्रशिक्षकाचा आहे. व्यावसायिक सिम्युलेटरमध्ये प्रशिक्षकाच्या हाती स्वतंत्र पडदा असतो. तो तुम्हाला न सांगता इंजिन बंद करतो, ढग खाली आणतो, एखादं यंत्र बिघडवतो. घरी मात्र बोट पॉज बटणावर असतं. इंजिन बंद पडलं की गेम थांबवायचा, पाणी प्यायचं, शोधून वाचायचं आणि मग पुढे जायचं. विमानात ही मुभा नाही. दुसरी खोड म्हणजे नजर समोरच्या यंत्रांच्या काट्यांवरच खिळून राहणं. सुरुवातीच्या प्रशिक्षणात नजर बाहेर, क्षितिजावर हवी. सिम्युलेटरवर वाढलेल्या विद्यार्थ्यांची ही सवय मोडायला प्रशिक्षक कधीकधी यंत्रं झाकूनच ठेवतात. शिवाय वाऱ्याचा धक्का बसला की शरीराला जे कळतं, ते टेबलावर कळत नाही.

तरीही घरातला वेळ वाया जात नाही, वापर बदलला तर. जेट विमानं बाजूला ठेवून त्याने सहा महिने सेसना १७२ हे एकच छोटं शिकाऊ विमान धरावं. पॉज बंद. चेकलिस्ट छापून मांडीवर. कधीही तुम्ही किंवा धाकट्या भावंडाने इंजिन बंद करावं. त्याने लगेच नाक सावरून ग्लाइडचा, म्हणजे इंजिनाविना तरंगत जाण्याचा वेग धरायचा (१७२एस या प्रकाराला तो ६८ नॉट्स), उतरायला जागा निवडायची, मग इंधनाचा सिलेक्टर ‘बोथ’वर (दोन्ही टाक्यांवर) आहे ना, मिक्श्चर रिच (हवेच्या मानाने इंधन भरपूर) आहे ना, हे क्रमाने तपासायचं. व्हॅटसिम या सिम्युलेटरवाल्यांच्या ऑनलाइन नेटवर्कवर स्वयंसेवक कंट्रोलरशी रेडिओवर बोलायचा सराव विनामूल्य करता येतो. तिथे चारचौघांत चुकावं लागतं, म्हणून मुलं टाळतात. त्याने टाळू नये.

आता नाद की दिशा. त्याच्या पाठीमागे न बोलता काही दिवस बसा. उड्डाण झाल्यावर तो कशात रमतो ते बघा. लँडिंग वाकडं का झालं म्हणून पुन्हा तोच अप्रोच (उतरण्याआधीचा टप्पा) करतो, की सेटिंगच्या फाइली उघडतो, बटणांचं पॅनेल जोडत बसतो? दुसरं असेल तर त्याला फ्लाइटगिअर हा सिम्युलेटर दाखवा. ते मोफत आहे आणि त्याचा सोर्स कोड खुला आहे. त्यातल्या जेएसबीसिम या उड्डाणाचं गणित करणाऱ्या भागात विमानाचं वजन, गुरुत्वमध्य, पंखाची उचल हे सगळं साध्या मजकुराच्या फाइलीत असतं. गुरुत्वमध्य थोडा मागे सरकवला की विमान कसं बेभरवशाचं होतं, हे तो स्वतः करून पाहील. यात रंगला तर एरोनॉटिकल, इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर इंजिनिअरिंगकडून सिम्युलेटर घडवण्याच्या आणि सांभाळण्याच्या कामाकडे वाट जाते. त्या कामालाही माणसं लागतात आणि त्याची माहिती फार कमी पालकांना असते. दोन्हीकडे गणित आणि फिजिक्स पक्कं लागतंच, तेव्हा बारावीत त्यात ढिलाई नको.

आणि पायलटच व्हायचं ठरलं, तर सॉफ्टवेअर, जॉयस्टिक, फ्लाइंग स्कूलची फी, या कशावरही खर्च करण्याआधी विमानवाहतुकीच्या मान्यताप्राप्त डॉक्टरकडून पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी (आधी क्लास टू, मग व्यावसायिक पायलटला लागणारी क्लास वन) करून घ्या. रंग ओळखण्यात अडचण असेल तर ती आत्ताच कळलेली बरी. तपासणी झाली की निकाल मला कळवा, पुढचं आपण त्यावरून ठरवू.