उत्तर: हजेरी भत्त्याआधी ठेकेदाराचं पीएफचं चलन बघा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. चाकणला प्रेस पार्ट्सचं युनिट, १७ माणसं तुमच्या मस्टरवर (हजेरीपटावर), ९ ठेकेदाराची, दिवाळीला गावी गेलेले निम्मे अजून परतले नाहीत, पीएफ-पगाराचे कागद बघणारा कन्सल्टंट सांगतोय ‘मस्टर २० च्या आत ठेवा (पीएफ २० माणसांपासून लागतो म्हणून), बाकीचं ठेकेदार बघेल’, आणि तुमचा प्रश्न की हजेरी भत्ता वाढवला तर माणसं टिकतील का. भोसरीत आमचं असंच वर्कशॉप आहे, माणसांचं आणि पगाराचं सगळं मी बघते. मी वकील नाही. माझा अनुभव एका छोट्या युनिटचा आहे, तेवढ्याच बेताने घ्या.

हजेरी भत्त्याचं आधी संपवते. भत्त्याने सोमवारची दांडी कमी होते, दिवाळीची होत नाही. तुमची माणसं कुठली आहेत ते बघा. बिहार-पूर्वांचलची असतील तर दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठ असते, ती झाल्याशिवाय कोणी गाडीत बसत नाही, आणि मग परतीचं तिकीट मिळत नाही. रेल्वेचं बुकिंग आता ६० दिवस आधी उघडतं. आम्ही त्याच दिवशी सकाळी ऑफिसमधून जातानाची आणि येतानाची दोन्ही तिकिटं काढून देतो. या एका गोष्टीने जेवढा फरक पडला तेवढा कुठल्याही भत्त्याने पडला नाही. लातूर-नांदेडकडची असतील तर सोयाबीनच्या काढणीला घरी हात लागतातच. त्यांना तोंडावर ‘रजा नाही’ म्हटलं तर न सांगता जातात. पाळीपाळीने सोडा, तारखा भिंतीवर लावा.

आणि हे नीट लक्षात घ्या की आपल्यासारख्यांच्या कारखान्यात माणसांचं धोरण मालक एकटा ठरवत नाही. आपण जिला पार्ट्स देतो त्या वरच्या कंपनीचं शेड्यूल दसरा-दिवाळीच्या आधी फुगतं, तेव्हा ओव्हरटाइम दुप्पट दराने द्यावा लागतो. डिसेंबरात त्यांचं शटडाउन असतं, तेव्हा तीच माणसं बसून असतात. शेजारच्या मोठ्या प्लँटने भरती काढली की तुमचा तयार झालेला सेटर (प्रेसवर डाय बसवणारा) जातो. साप्ताहिक सुट्टीसुद्धा आमच्या पट्ट्यात गुरुवारची, कारण विजेचं वेळापत्रक तसं लावलेलं. या चढउतारामुळेच सगळे ठेकेदाराकडे वळतात, आणि त्यात चूक काही नाही. घोळ पुढे होतो.

आम्हाला सगळ्यात महागात पडला तो आमचा ठेकेदार, आणि त्याहून जास्त आमच्या कन्सल्टंटचं ऑफिस. नावं घेत नाही. ठेकेदाराच्या बिलासोबत दर महिन्याला पीएफचं चलन, म्हणजे पैसे भरल्याची पावती यायची. रक्कम मोठी, बँकेची तारीख बरोबर. कन्सल्टंटच्या ऑफिसात त्यावर ‘तपासले’चा शिक्का बसायचा, त्याचीच ते फी घ्यायचे, आणि आम्ही बिल सोडायचो. चलन खोटं नव्हतं. पण ठेकेदाराचा पीएफ कोड एकच आणि माणसं पाच-सहा कंपन्यांत. चलनावर फक्त एकूण रक्कम असते. कोणाकोणाचे पैसे भरले हे ईसीआरमध्ये, म्हणजे चलनासोबतच्या महिन्याच्या यादीत कळतं, त्यात प्रत्येकाचं नाव, यूएएन (पीएफचा कायमचा नंबर), पगार आणि वर्गणी ओळीने असते. तेच चलन तो सगळ्या कंपन्यांना दाखवत होता, आणि आमच्याकडच्या बहुतेकांची नावं त्या यादीत नव्हतीच. पगारातून १२ टक्के मात्र दर महिन्याला कापले जात होते.

हे बाहेर आलं ते प्रेसवरच्या एका मुलाने बहिणीच्या लग्नासाठी पैसे काढायचे म्हणून उमंग ॲपवर पासबुक उघडलं तेव्हा. सुरुवातीच्या चार नोंदी, पुढे काही नाही. तो मोबाइल घेऊन माझ्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, ‘ताई, कापले तर दर महिन्याला.’ मी कन्सल्टंटला फोन केला. उत्तर आलं, ‘मॅडम, ते ठेकेदाराचं मॅटर आहे, तुमचं नाव कुठेच येत नाही.’ पुढच्या आठवड्यात तेच, त्याच्या पुढच्या आठवड्यात साहेब मीटिंगमध्ये. पीएफ कायद्याच्या कलम ७-ए खाली थकबाकीच्या चौकशीची नोटीस आमच्या नावाने आली तेव्हा त्यांनी कळवलं की ठेकेदाराची तपासणी त्यांच्या कामाच्या कक्षेत येत नाही. शिक्के मात्र त्यांचेच होते.

कायदा इथे स्पष्ट आहे. ठेकेदाराने भरलं नाही तर मूळ मालकाने, म्हणजे ज्याच्या कारखान्यात माणसं काम करतात त्याने भरायचं आणि नंतर ठेकेदाराकडून वसूल करायचं. आम्ही ठेकेदाराला दिलेले पैसे दुसऱ्यांदा भरले, वर १२ टक्क्यांनी व्याज आणि वेगळा दंड. वसुलीला गेलो तर त्याच्या ऑफिसच्या जागी मोबाइलचं दुकान होतं. पैशाचं दुःख आहेच. पण त्या पोरांनी आपल्यावर विश्वास ठेवून कपात सोसली होती, आणि शिक्का मारणाऱ्या ऑफिसातल्या एकानेही त्यांच्याकडे येऊन दोन शब्द बोलण्याची तसदी घेतली नाही, याचा राग मला आजही येतो.

म्हणून तुमच्या कन्सल्टंटचा ‘२० च्या आत’चा सल्ला मला मान्य नाही. पीएफ कायद्यातल्या ‘कर्मचारी’ या व्याख्येत ठेकेदारामार्फत लावलेला माणूसही येतो. चौकशीला आलेला अधिकारी शॉपफ्लोअरवर डोकी मोजतो. शिवाय ईएसआयची (कामगारांच्या आजारपण-अपघाताच्या सरकारी विम्याची) मर्यादा १० माणसांची आहे, तुम्ही त्यात आधीच आहात. पॉवर प्रेसचं काम आहे, बोटावर बेतायला एक चुकीचा स्ट्रोक पुरतो. त्या दिवशी माणसाचा ईएसआय नंबर निघालेला नसेल तर काय होतं ते अनुभवायची वेळ तुमच्यावर येऊ नये. मालकाचे ३.२५ टक्के आणि कामगाराचे ०.७५ टक्के वाचवण्यासाठी तो धोका घेऊ नका.

पीएफ कमी भरावा लागावा म्हणून कोणी बेसिक कमी दाखवून भत्ते फुगवायला सांगेल, तेही ऐकू नका. सरसकट सगळ्यांना मिळणारे भत्ते पीएफसाठी मोजले जातात हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्येच सांगितलं, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या श्रमसंहितांनुसार वेतनातून वगळलेले भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून जास्त झाले तर वरची रक्कम वेतनातच धरतात. अर्थात तुमची पगाररचना मी पाहिलेली नाही, ती चांगल्या माणसाकडून तपासून घ्या.

आमच्याकडे आता ठेकेदाराचं बिल आलं की सोबत आधीच्या महिन्याचा नावानिशी ईसीआर लागतो. त्यातली आपली नावं मी स्वतः गेटच्या हजेरीशी ताडून बघते आणि यादीची प्रत नोटीस बोर्डावर लावते. चलनावरचा टीआरआरएन नंबर (त्या भरण्याचा संदर्भ क्रमांक) ईपीएफओच्या, म्हणजे पीएफ खात्याच्या साइटवर टाकून पैसे जमा झाले का तेही दिसतं. एखादं नाव कमी असेल तर पूर्ण बिल थांबतं. पहिले दोन-तीन महिने ठेकेदार कुरकुर करतो, मग त्याला सवय होते.

जाता जाता: नवीन माणूस घेताना आधार आणि पीएफमधलं नाव अक्षर न् अक्षर जुळवा. आमच्याकडे एका ज्ञानेश्वरचं इंग्रजी स्पेलिंग आधारला ‘डी’ने सुरू व्हायचं आणि पीएफला ‘जी’ने. पैसे खात्यात असूनही त्याचा क्लेम अडकला आणि जॉइंट डिक्लेरेशन (मालक आणि कामगाराचा नावदुरुस्तीचा एकत्र अर्ज) करावं लागलं.

तुम्ही या आठवड्यात त्या ९ जणांना चहाच्या सुट्टीत बोलवा आणि प्रत्येकाच्या मोबाइलवर पासबुक उघडून बघा. कोणाचा यूएएनच निघालेला नसेल तर तेही तिथेच कळेल. नोंदी बरोबर असतील तर उत्तम, हजेरी भत्त्याचं पुढे बोलू. नसतील तर ठेकेदाराचं चालू बिल थांबवा, त्याला लेखी पत्र द्या, पोच घ्या, आणि कन्सल्टंटला विचारत बसण्याआधी पीएफचं काम करणारा वकील गाठा. गावी अडकलेल्यांनाही फोनवर पासबुक बघायला सांगा, कोणी परत का येत नाही याचं उत्तर कदाचित तिथेच मिळेल.