राजाजी ‘पंतप्रधान’ कधी होते?

प्रश्न असा आला आहे: राजाजी, म्हणजे चक्रवर्ती राजगोपालाचारी, यांच्याबद्दल ‘१९३७ साली राजाजी मद्रासचे पंतप्रधान झाले’ असं वाक्य एका जुन्या मराठी लेखात आढळलं. इथे ‘मुख्यमंत्री’ हवं होतं का?

नको. तेव्हा तसंच म्हणत आणि ते बरोबरच होतं. ब्रिटिशांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्याने प्रांतांना विधिमंडळाला जबाबदार असलेलं मंत्रिमंडळ मिळालं. त्याच्या प्रमुखाला इंग्रजीत ‘प्रीमियर’ किंवा ‘प्राइम मिनिस्टर’ म्हणत. दिल्लीचा कारभार व्हाइसरॉय आणि त्याच्या कार्यकारी मंडळाकडे होता. देशाचा पंतप्रधान असं पदच नव्हतं, मग गोंधळ व्हायचा कुठे? मुंबईत बाळासाहेब खेर, बंगालमध्ये फजलुल हक, मद्रासला राजाजी, असे सगळे आपापल्या प्रांताचे पंतप्रधान.

मराठीत जोडीला ‘मुख्य प्रधान’ही चालत असे. हा तर आपल्या घरचाच शब्द. थोरल्या बाजीरावांच्या शिक्क्यात ‘श्री राजा शाहू नरपति हर्षनिधान, बाजीराव बल्लाळ मुख्य प्रधान’ असंच कोरलेलं आहे. गुजरातीने तो आजही मुख्यमंत्र्यासाठी राखला आहे. देशाचा पंतप्रधान तिथे ‘वडा प्रधान’. आपण हा शब्द हातचा घालवला, याची मला खरोखर हळहळ वाटते.

राजाजी मुळात सेलमचे वकील. १९१७मध्ये तिथल्याच नगरपालिकेचे अध्यक्ष झाले, पुढे असहकारात वकिली सोडली. जुलै १९३७मध्ये पंतप्रधान झाल्यावर गृह आणि अर्थ ही दोन्ही खाती त्यांनी स्वतःकडे ठेवली. दारूबंदीची सुरुवात केली ती आपल्या सेलम जिल्ह्यापासून. अबकारीचं उत्पन्न बुडालं, तेव्हा तिजोरी सावरायला १९३९मध्ये विक्रीकर आणला. त्याच वर्षी मंदिरप्रवेशाचा कायदा झाला. शाळांतल्या हिंदीसक्तीने मात्र तमिळ मुलूख पेटला आणि विरोधकांना त्यांनी तुरुंगात टाकलं. ती त्यांची मोठी चूक होती असं माझं मत आहे. गव्हर्नरच्या हाती विशेष अधिकार होते हे खरं, तरीही एवढे निर्णय घेणाऱ्या पदाला ‘पंतप्रधान’ म्हणणं मला मुळीच फुगवलेलं वाटत नाही. ऑक्टोबर १९३९मध्ये, हिंदुस्थानला न विचारता युद्धात ओढल्याच्या निषेधार्थ, त्यांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला.

मात्र ‘पहिले पंतप्रधान’ लिहिताना जपावं. गव्हर्नरच्या त्या विशेष अधिकारांवरून काँग्रेस जुलैपर्यंत मंत्रिमंडळ न बनवता अडून बसली होती. मधल्या काळात मद्रासला के. व्ही. रेड्डी नायडू आणि मुंबईत धनजीशा कूपर यांची हंगामी मंत्रिमंडळं होती.

१९४७मध्ये नेहरू देशाचे पंतप्रधान झाले आणि एकच नाव दोन पातळ्यांवर आलं. १९५०च्या राज्यघटनेने राज्यांसाठी ‘चीफ मिनिस्टर’ ठरवलं, त्याचा आपण ‘मुख्यमंत्री’ केला. तमिळमध्ये तो ‘मुदलमैच्चर’, म्हणजे पहिला मंत्री. राजाजी १९५२मध्ये पुन्हा मद्रासच्या सरकारचे प्रमुख झाले ते मुख्यमंत्री म्हणून. मधे ते स्वतंत्र भारताचे गव्हर्नर जनरलही होऊन गेले होते.

तेव्हा १९३७–३९बद्दल ‘मद्रास प्रांताचे पंतप्रधान’ असं लिहावं, प्रांताचं नाव कधीही गाळू नये. १९५२–५४साठी ‘मुख्यमंत्री’. जुना उतारा देताना त्यातला शब्द बदलू नये. आणि जम्मू-काश्मीरच्या बाबतीत १९५० ही सीमारेषा लावू नका. तिथे राज्याचा पंतप्रधान १९६५पर्यंत होता.