वाचकांचे प्रश्न : गरोदरपणातली साखर घरी मोजताना

प्रश्न : मला २७वा आठवडा सुरू आहे. दिवसातून चार वेळा साखर तपासायला सांगितली आहे. जेवणानंतर एक तास म्हणजे जेवण संपल्यापासून की सुरू केल्यापासून? माझ्या नणंदेला तिच्या वेळी दोन तासांनी तपासायला सांगितलं होतं. मग बरोबर काय?

उत्तर : वेळ मोजायची ती पहिल्या घासापासून. जेवायला बसताना मोबाइलवर गजर लावा, म्हणजे नंतर अंदाज बांधत बसावं लागणार नाही. जेवण संपल्यापासून तास धरला आणि जेवायला अर्धा तास लागला असेल, तर प्रत्यक्षात तपासणी दीड तासाने होते आणि साखरेचा चढ निसटू शकतो.

एक तास आणि दोन तास या दोन्ही पद्धती बरोबर आहेत, फक्त त्यांच्या मर्यादा वेगळ्या आहेत. उपाशीपोटी ९५च्या आत, पहिल्या घासापासून एका तासाने १४०च्या आत, दोन तासांनी १२०च्या आत. हे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले आहेत. मीटर ५.३ किंवा ७.८ असे आकडे दाखवत असेल, तर तो मिलिमोलमध्ये मोजतो आहे. त्याला १८ने गुणा. तुमच्या डॉक्टरांनी मर्यादा वेगळी दिली असेल तर तीच पाळा. मात्र एक पद्धत धरली की रोज तीच ठेवा. आज एक तास, उद्या दोन तास असं केलं तर आकड्यांची तुलनाच होत नाही. आणि तपासणी होईपर्यंत मध्ये काही खाऊ नका, घोटभर गोड पेयसुद्धा नको.

वहीत नुसता आकडा लिहू नका. शेजारी वेळ, काय आणि साधारण किती खाल्लं, जेवणानंतर चालणं झालं का, औषध किंवा इन्शुलिन किती घेतलं, हे लिहा. १५२ हा आकडा एकटा काही सांगत नाही. सकाळच्या न्याहारीनंतर सलग तीन दिवस तो दीडशेच्या आसपास आला, तर मात्र न्याहारीत बदल हवा हे स्पष्ट होतं. सकाळी इन्शुलिनला होणारा विरोध बहुधा जास्त असतो. त्यामुळे जेवढे पिष्टमय पदार्थ दुपारी पचून जातात, तेवढेच न्याहारीला जड जाऊ शकतात.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. डॉक्टर रागावतील म्हणून काही जणी वाढलेला आकडा वहीत कमी करून लिहितात किंवा लिहीतच नाहीत. कृपया असं करू नका. औषधाचं प्रमाण त्या वहीवरून ठरतं, आणि वहीत काहीही असलं तरी बाळापर्यंत पोहोचते ती रक्तातली खरी साखर. आईची जादा साखर वारेतून (प्लासेंटातून) बाळाकडे जाते. ती वापरण्यासाठी बाळाचं स्वादुपिंड जास्त इन्शुलिन बनवतं, त्याने बाळाची चरबी वाढते. जन्मानंतर नाळ कापली की आईकडून येणारी साखर थांबते, पण बाळाचं इन्शुलिन तसंच असतं. म्हणून पहिल्या काही तासांत अशा बाळाची साखर धोकादायक इतकी खाली जाऊ शकते.

प्रश्न : एकाच वेळी दोनदा तपासलं तर १२८ आणि १४१ आलं. मीटर बिघडला आहे का?

उत्तर : एवढ्या फरकावरून तसं म्हणता येणार नाही. घरगुती मीटरसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार १०० किंवा त्याहून जास्त साखरेला १५ टक्के इकडेतिकडे चालतं. खरी साखर १३५ असेल, तर ११५ ते १५५ या पट्ट्यातला आकडा मानकात बसतो. म्हणूनच एका आकड्याने घाबरायचं नाही आणि निश्चिंतही व्हायचं नाही.

मीटरवर संशय घेण्याआधी हात पाहा. फळ सोललेल्या बोटावर साखरेचा अंश राहिला तर आकडा भलताच वर जातो, आणि सॅनिटायझर तो अंश नीट काढत नाही. साबण आणि कोमट पाण्याने हात धुवा आणि पूर्ण कोरडे करा, कारण ओल राहिली तर थेंब पातळ होतो. स्पिरिट वापरलंच तर ते वाळू द्या. हात खाली सोडून थोडा झटका. लॅन्सेट, म्हणजे टोचायची सुई, दर वेळी नवा घ्या आणि टोचा ते बोटाच्या कडेला. मधल्या भागात दुखतं जास्त. बोट रोज बदला. थेंब येत नाही म्हणून बोट जोरात पिळू नका. पिळल्याने रक्ताबरोबर पेशींभोवतालचा द्रव येतो आणि आकडा चुकतो. त्यापेक्षा टोचायच्या पेनवरची खोली एका अंकाने वाढवा. थेंब पुरेसा मोठा झाला की स्ट्रिपचं टोक त्याला लावा, रक्त ती स्वतःच ओढून घेते. कमी पडलं म्हणून वरून दुसरा थेंब घालू नका, नवी स्ट्रिप घ्या.

स्ट्रिप दमटपणाने खराब होतात. त्या मूळ डबीतच ठेवा आणि एक काढली की झाकण लगेच लावा. स्वयंपाकघर, न्हाणीघर, उन्हात उभी गाडी या जागा टाळा. मुदतीची तारीख पाहा. काही डब्या उघडल्यावर ठरावीक महिन्यांतच संपवायच्या असतात. शंका राहिलीच तर कंट्रोल सोल्यूशनचा (मीटर तपासायच्या, ठरावीक साखर असलेल्या द्रावणाचा) थेंब टाकून आकडा डबीवर छापलेल्या मर्यादेत येतो का ते पाहा.

हिमोग्लोबिन कमी असेल तर ते डॉक्टरांना आवर्जून सांगा. रक्तक्षयात बरेच मीटर साखर असते त्याहून जास्त दाखवतात. प्रयोगशाळेशी ताडून पाहायचं असेल तर उपाशीपोटीच पाहा. जेवणानंतर बोटातल्या रक्तात शिरेतल्या रक्तापेक्षा साखर मुळातच जास्त असते.

प्रश्न : जेवणानंतरचे आकडे छान येतात, पण सकाळी उपाशीपोटी ९८ ते १०४. रात्रीचं जेवण सोडून देऊ का?

उत्तर : नको. उपाशीपोटीची साखर मुख्यतः रात्रभर यकृत सोडत असलेल्या साखरेवर ठरते. वारेतल्या संप्रेरकांमुळे इन्शुलिनचा प्रभाव कमी पडतो आणि यकृताला पुरेसा लगाम बसत नाही. जेवण सोडलं तर शरीर चरबी जाळू लागतं, त्यातून तयार होणारे कीटोन रक्तात वाढतात, आणि सकाळचा आकडा तरीही वरच राहू शकतो.

आधी तपासणीची वेळ नीट करा : आठ ते दहा तासांच्या उपासानंतर, उठल्याबरोबर, काहीही पिण्याआधी. रात्रीच्या जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चाला. झोपताना प्रथिनं असलेलं थोडंसं खाणं आहारतज्ज्ञांना विचारून करून पाहा. तरीही बऱ्याच सकाळी आकडा ९५च्या वर येत राहिला, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता कळवा. हा आकडा आहाराने सगळ्यात कमी हलतो, म्हणून बऱ्याच जणींना रात्रीचं इन्शुलिन लागतं. यात तुमचं पथ्य कमी पडलं असं अजिबात नाही. इन्शुलिन बाळापर्यंत जवळजवळ पोहोचत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

प्रश्न : इन्शुलिन चालू आहे. दंडावर लावलेला, सतत साखर मोजणारा सेन्सर रात्री ५८ दाखवतो, पण त्रास काहीच होत नाही. काय करावं?

उत्तर : त्या कुशीवर झोपल्याने सेन्सर दाबला गेला तर तो खोटा कमी आकडा दाखवतो. शिवाय तो पेशींभोवतालच्या द्रवातली साखर मोजत असल्याने रक्ताच्या काही मिनिटं मागे असतो. म्हणून लगेच बोटातून तपासा. ७०च्या खाली आलं तर १५ ग्रॅम ग्लुकोज घ्या आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. थरथर, घाम, धडधड असेल तर तपासणीत वेळ न घालवता आधी ग्लुकोज घ्या. खरंच कमी येत असेल तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करा. शेवटच्या आठवड्यांत इन्शुलिनची गरज अचानक बरीच घटली तर त्याच दिवशी दाखवा, वारेचं काम तपासावं लागतं.

प्रश्न : एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) नॉर्मल आहे. मग रोज टोचायचं कशाला?

उत्तर : गरोदरपणात तांबड्या पेशी लवकर बदलतात, त्यामुळे एचबीए१सी कमी दिसतो. शिवाय ती सरासरी आहे. जेवणानंतरचा चढ त्यात झाकला जातो.

प्रश्न : बाळंतपणानंतर साखर तपासायची का?

उत्तर : हो. बहुतेकींची साखर वार पडल्यावर लगेच उतरते, तरी रुग्णालयात एक-दोनदा पाहतात. त्यानंतर ४ ते १२ आठवड्यांत ७५ ग्रॅम ग्लुकोजची दोन तासांची चाचणी करा. बाळाच्या लसीकरणाच्या धावपळीत ही चाचणी हमखास राहून जाते, म्हणून रुग्णालयातून घरी जातानाच तिची तारीख घ्या. ती नॉर्मल आली तरी दर एक ते तीन वर्षांनी साखर तपासत राहा, आणि पुढच्या वेळी दिवस राहिल्याचं कळताच पहिल्याच भेटीत गरोदरपणात झालेला हा मधुमेह सांगा.